आकडा शुद्ध, पाणी यथावकाश

आपण रासायनिक कारखाना काढत आहात, हे ऐकून आनंद झाला. औद्योगिक वसाहतीत भूखंड मिळाला, बँकेने कर्ज मंजूर केले, भूमिपूजनाचा नारळही फुटला. आता उरला तो प्रदूषणाचा प्रश्न. नवशिके उद्योजक नेमके येथेच चुकतात. कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ करायचे असते, अशी त्यांची भाबडी समजूत असते. १९७४ चा जल अधिनियम, १९८१ चा हवा अधिनियम आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम वाचणाऱ्याची अशी समजूत होणे स्वाभाविक आहे, म्हणून ते वाचू नयेत. स्वच्छ ठेवायचा असतो तो आकडा. पाणी वाहून जाते, आकडा दप्तरी राहतो.

प्रथम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून स्थापनेची संमती घ्यावी लागेल आणि नंतर कारखाना चालविण्याची. आपला उद्योग ‘लाल’, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या, वर्गात मोडतो म्हणून बिचकू नये. सिग्नलला जे आपण लाल दिव्याचे करतो, तेच येथेही करायचे आहे. संमतीचे शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते, त्यामुळे कर्ज मागताना बँकेला सांगितलेली गुंतवणूक मंडळाला सांगण्याचा उतावळेपणा करू नये.

प्रकल्प मोठा असेल, तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय आघाताचा अहवाल आणि जनसुनावणी यांना सामोरे जावे लागते. अहवाल सल्लागार लिहितो, म्हणजे त्याच्याकडे तो आधीच लिहिलेला असतो. फक्त गावाचे नाव सर्व पानांवर बदलले आहे की नाही, एवढे तपासावे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा सापडला होता, आणि कोकणातल्या माणसाला हवामानातला एवढा फरक कळतो. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो यंत्राकडून भाषांतरित करून घ्यावा. ‘प्लांट’चे रोप आणि ‘स्टॅक’ची, म्हणजे चिमणीची, गंजी झाली की, ग्रामस्थांना आपण शेतीचाच काही प्रकल्प आणत आहात असे वाटून सुनावणी निम्म्याने सोपी होते. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, परंतु गणसंख्येची अट नाही. कोणीही आले नाही तरी सुनावणी होऊ शकते, आणि ऐन लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याला सभेला येणे जमत नाही, हा काही आपला दोष नव्हे.

आता ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र. ते बांधावेच. चांगले प्रशस्त बांधावे, टाक्यांना निळा रंग द्यावा, कडेने शोभेची झाडे लावावीत. चालवण्याचा मुद्दा वेगळा आहे. टाकीतले जिवाणू हे अतिशय लाडावलेले प्राणी असून त्यांना अहोरात्र हवा लागते, ठरावीक खुराक लागतो आणि आम्लाचा एक लोंढा आला की ते सामुदायिक देहत्याग करतात. असल्या नाजूक प्रकृतीच्या कामगारांवर वीज कोण खर्च करणार? तपासणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या गोठ्यातून दोन पाट्या शेण आणून टाकीत कालवावे. शेणाने टाकी सुरू करण्याची पद्धत खरोखरच आहे, मात्र नीट बसायला तिला काही आठवडे लागतात, हे पाहुण्यांना आठवणार नाही अशी आशा बाळगावी. ईटीपीला स्वतंत्र वीजमीटर लावण्याची अट असते आणि चाणाक्ष अधिकारी टाकीआधी मीटर पाहतो. त्या मीटरवर संचालकांच्या दालनाचा एसी जोडावा. काटाही फिरतो आणि दालनही थंड राहते.

दरमहाच्या प्रयोगशाळा अहवालाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण कला येथेच दिसते. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यातल्या बीओडीची, म्हणजे त्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची, सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. सामान्य माणूस २९ लिहील, भित्रा ५ लिहील, जाणकार २६.४ लिहितो, कारण दशांश चिन्हानंतरच्या अंकावर सरकारी माणसाची गाढ श्रद्धा असते. सामूसाठी, म्हणजे पीएचसाठी, ५.५ ते ९ एवढे ऐसपैस अंगण दिलेले आहे, तेव्हा बारा महिने ७.२ हाच आकडा लिहून ऋतुचक्राचा अपमान करू नये. सीओडीपेक्षा, म्हणजे सगळी घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या प्राणवायूपेक्षा, बीओडी जास्त दाखवू नये. सजीवांनी खाण्याजोगी घाण एकूण घाणीपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि रसायनशास्त्राचा पदवीधर अधिकारी क्वचित का होईना, भेटतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारखा. बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. तेव्हा सोमवारी घेतलेल्या नमुन्याचा अहवाल मंगळवारी सही-शिक्क्यासह फायलीत लागलेला दिसला, तर आपली प्रयोगशाळा ज्योतिषशाळा असल्याचा बोभाटा होतो.

२०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना ऑनलाइन निरीक्षण यंत्रे बसवायला सांगितली, तेव्हा आमच्या व्यवसायात सुतकी वातावरण पसरले होते. संवेदक थेट सांडपाण्यात, आकडे थेट मंडळाच्या संगणकावर, मर्यादा ओलांडली की लगेच इशारा. माणसाच्या सहीला काही किंमतच उरणार नाही असे वाटले होते. परंतु थोड्याच दिवसांत कळले की संवेदक फार सज्जन असतो. तो ज्यात बुडवला आहे तेच मोजतो. आपल्याला कशात बुडवले, हे विचारत नाही. नळाच्या पाण्याची एक बादली आणि सावलीतली जागा एवढ्यावर एकविसाव्या शतकातले हे यंत्र वर्षभर समाधानाने राहते. फक्त बादलीला झाकण ठेवावे. नाहीतर उन्हाळ्यात कावळा पाणी प्यायला येतो आणि मंडळाचा संगणक मध्यरात्री नसला तरी भर दुपारी जागा होतो.

चिमणीचे काम त्याहून सोपे. तिच्यातल्या धुराचा नमुना वर फलाटावर चढून घ्यावा लागतो. शिडी नियमानुसार असावीच, पण ती किंचित गंजलेली असावी. पन्नाशीतला माणूस खालून तिच्याकडे पाहतो, वर आभाळाकडे पाहतो आणि चहाला हो म्हणतो.

घातक कचऱ्याच्या वाहतुकीसाठी २०१६ च्या नियमांनी सात प्रतींचे चलन नेमून दिले: पांढरी, पिवळी, गुलाबी, केशरी, हिरवी, निळी आणि करडी. कारखान्यामागच्या ओढ्यानेही वर्षभरात साधारण हाच क्रम पाळला, तर त्याला नियमपालनच म्हणायला हवे. साठवलेले सांडपाणी सोडण्याचा मुहूर्त पहिल्या पावसाचा. त्या रात्री सारा महाराष्ट्र मृद्गंधाने हळवा झालेला असतो. त्यात आपला गंध मिसळला तर वेगळा ओळखू येत नाही. रंगाचे मात्र सांभाळावे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला कासाडी नदीच्या परिसरात भटकी कुत्री चक्क निळी होऊन हिंडू लागली, छायाचित्रे जगभर गेली आणि मंडळाला एक कारखाना बंद करावा लागला. माणसांनी त्याआधी केलेल्या तक्रारी रीतसर अर्जावर होत्या, म्हणून त्या फायलीत राहिल्या; कुत्र्यांना अर्ज करता येत नाही, म्हणून ती रस्त्यावर आली.

आपली वसाहतच बदनाम आहे, असे कोणी म्हणाले तर मान खाली घालू नये. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात आपल्या तारापूरला १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले आणि ते देशात पहिले आले. दहावीला एवढे गुण मिळवणाऱ्या मुलाचा आपण चौकात फलक लावतो.

इतके करूनही कारणे दाखवा नोटीस आलीच, तर घाबरू नये, कारणे दाखवावीत. पंप बिघडला होता, ऑपरेटर गावी गेला होता, वीज गेली होती. ही तीन कारणे आलटून पालटून अनेक वर्षे पुरतात. पूर्वी पर्यावरण संरक्षण अधिनियमात पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची भाषा होती. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने त्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची सोय केली आहे. ईटीपी वर्षभर इमानेइतबारे चालविण्याचा खर्च आपल्या हिशेबनीसाला काढायला सांगावा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. पुढचे त्रैराशिक तो स्वतःच करील.

शेवटची बाब फलकाची. कारखान्याच्या दारात सहा फूट बाय चार फुटांचा फलक लावून त्यावर सांडपाणी, धूर आणि घातक कचरा यांची माहिती मराठीतही द्यावी लागते. खडूने लिहू नये, रोज पुसून नवे लिहिण्याचा मोह होतो. एकदाच पेंटर बोलावून ऑइलपेंटने सुवाच्य अक्षरांत लिहून घ्यावे. रंग तेवढा बाहेरून विकत आणावा. आपल्या कारखान्यातला वापरला तर पहिल्याच पावसात वाहून जाईल, आणि कुठे गेला हे सगळ्यांना दिसेल.