पिकअपची लिफ्ट केवळ इंचांवर निवडता येत नाही

इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स हे पिकअप बाळगणाऱ्यांमध्ये लिफ्टबाबत, म्हणजे गाडी मूळ उंचीपेक्षा वर उचलण्याबाबत, एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, गाडी जितकी उंच तितकी ती आडवाटेला सरस. पुढे स्पेसर (स्प्रिंगच्या वर बसवायची जाड चकती) आणि मागे पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) व अ‍ॅक्सलच्या मध्ये ठोकळे टाकून चार इंच मिळत असतील तर महागडे किट घेणे म्हणजे पैशांची उधळपट्टी. आणि आरटीओ याकडे पाहतही नाही.

उंचीचा मुद्दा अर्धाच खरा आहे. लिफ्टमुळे शासी (गाडीचा सांगाडा) वर जाते आणि बांध ओलांडताना गाडीचे पोट घासत नाही, हे मान्य. परंतु मागच्या अखंड अ‍ॅक्सलवरील डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा स्प्रिंगच्या नव्हे, टायरच्या आधारावर असल्याने तो तसूभरही उचलला जात नाही. त्यासाठी टायरच मोठा हवा, आणि त्याचा व्यास दोन इंचांनी वाढवला तरी लाभ एकाच इंचाचा होतो.

स्पेसरबाबतचा दावा अधिक घातक आहे. या दोन्ही गाड्यांचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र, डबल विशबोनचे (प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन दांड्यांवर तोललेले) आहे. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जोडसंचाच्या) माथ्यावर बसवलेला स्पेसर स्प्रिंगचा कडकपणा किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बरची क्षमता बदलत नाही, तर सगळा स्ट्रट खाली ढकलतो. त्यामुळे खड्ड्यात चाक पूर्ण लोंबले की सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोहोचवणारा वळता सांधा) आणि वरचा बॉल जॉइंट (चाक विशबोनला जोडणारा सांधा) कारखान्याने ठरवलेल्या कोनापलीकडे ताणले जातात, आणि चाक जोरात वर दाबले गेले की रबरी बंपस्टॉपला टेकण्याआधीच शॉक अ‍ॅब्सॉर्बर तळाशी आपटू शकतो. सीव्हीचा रबरी बूट एकदा फाटला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत, मग वाचवलेले पैसे तिथेच जातात. शिवाय कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी झाल्याने वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होण्याची ओढ मंदावते, म्हणून साधारण दोन इंचांपुढे बदललेल्या कोनांचे वरचे विशबोन घ्यावेच लागतात. हेडलाइटचा झोत पुन्हा खाली आणणे तर कोणी लक्षातच घेत नाही.

मागचे ठोकळे स्वस्त असतात खरे, पण अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यात अंतर पडल्याने जोर देताच अ‍ॅक्सल पिळतो आणि पाटे वाकडे होतात.

आरटीओविषयी इतकेच सांगतो की, मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्याचा अर्थ कडकपणेच लावला. तपासणी होत नाही याचा अर्थ परवानगी आहे, असा होत नाही.

किट निवडताना पहिला प्रश्न वजनाचा असावा. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचे यंत्र) आहे का, हौद्यात कायमचे सामान किती किलोचे, हे ठरल्यावर त्या वजनाच्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि मागे नवे पाटे असा संच घ्यावा. हौदा वर्षभर रिकामाच राहणार असेल, तर 300 किलोच्या कायम ओझ्यासाठी बनवलेले पाटे बसवून गाडी केवळ उड्या मारत चालेल, आणि उंच दिसण्यापलीकडे हाती काही लागणार नाही.