मायलेज ठीक म्हणजे एअर फिल्टर ठीक?

उन्हाळा लागला की सातारा-सांगलीकडच्या दुचाकीस्वारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. एक्सपल्स, हिमालयन यांसारख्या, डांबरीवर आणि कच्च्या वाटेवरही चालणाऱ्या ड्युअल-स्पोर्ट गाड्यांच्या मालकांना तो सांगतो की, मायलेज पडत नाही तोवर एअर फिल्टरला, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ अडवणाऱ्या गाळणीला, हात लावू नका. मळलाच तर कॉम्प्रेसरची हवा मारा. फोमचा असेल तर पेट्रोलने धुऊन इंजिन ऑइल लावा. पिकअप हवा असेल तर फिल्टर काढूनच टाका. आणि बदलायचाच झाला तर दिवाळीनंतर बदला, कारण पावसात धूळ नसते. फिल्टर बदलायला सांगणारे सर्व्हिसवाले निव्वळ पैसे काढतात, असा शेराही शेवटी असतो.

यातला मायलेजचा मुद्दा सर्वांत फसवा आहे, कारण तो एके काळी बऱ्याच अंशी खरा होता. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की हवा कमी पडे, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नसे, त्यामुळे प्लग काळा पडे आणि मायलेज घसरे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू होईपर्यंत या गाड्या फ्युएल इंजेक्शनवर आल्या होत्या. आता इंजिनाकडे जाणारी हवा कमी झाली की सेन्सर ते ओळखतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, पेट्रोलही त्याच मापाने कमी सोडतो. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मोटारींवर केलेल्या चाचण्यांतही हेच आढळले : इंजेक्शनच्या पेट्रोल मोटारींत फिल्टर तुंबवल्यावर मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला. त्याहून महत्त्वाचे असे की, फाटलेल्या किंवा नीट न बसलेल्या फिल्टरने मायलेज मुळीच पडत नाही. गाडी उलट मोकळी पळते आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. फिल्टरची परीक्षा करायची तर ती मायलेजवरून न करता फिल्टर काढून त्याच्या इंजिनाकडच्या बाजूला, म्हणजे रबरी नळीच्या तोंडाशी, पांढरे फडके फिरवून करावी. तिथे पिठासारखी धूळ फडक्याला लागली, तर फिल्टर बाहेरून कितीही स्वच्छ दिसत असला तरी तो काम करत नाही.

कॉम्प्रेसरच्या हवेबद्दल थोडे सबुरीने बोलायला हवे. कोरड्या कागदी फिल्टरला मॅन्युअलने परवानगी दिली असेल, तर कमी दाबाची हवा आतून बाहेर मारता येते. परंतु आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत कारखान्यातच तेलात भिजवलेला कागदी फिल्टर येतो. त्यातली धूळ तेलाला चिकटलेली असल्यामुळे हवेने ती निघत नाही, आणि पंक्चरच्या दुकानातला जोरदार फवारा जवळून मारला तर कागद तेवढा फाटतो. असा फिल्टर साफ करण्यासाठी नसतोच, तो बदलायचा असतो. मात्र दर आठवड्याला फिल्टरचा डबा उघडण्याचा सोसही नको. थोडा मळलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा बारीक धूळ अधिक चांगली अडवतो.

फोम पेट्रोलने धुणे आगीला आमंत्रण तर आहेच, शिवाय पेट्रोलने फोमच्या जोडाचा डिंकही सुटतो. फोमच्या क्लीनरमध्ये किंवा रॉकेलमध्ये तो दाबून धुवावा, पिळू नये, आणि सावलीत पूर्ण वाळवावा. इंजिन ऑइल पातळ असल्याने ते ओघळून डब्याच्या तळाशी जमते आणि वरचा फोम कोरडा राहतो. फोमसाठीचे चिकट तेल मिळते, तेच लावावे आणि कडेला ग्रीसचा पातळ हात द्यावा.

फिल्टर काढून टाकण्याच्या सल्ल्याला हिशेबानेच उत्तर देता येते. २०० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढते. मिनिटाला ६००० फेरे धरले, तर ते मिनिटाला सुमारे ६०० लिटर, म्हणजे तासाला ३६ हजार लिटर हवा ओढू शकते. सिलिंडर पूर्ण भरत नाही हे धरून आकडा थोडा खाली घ्यावा. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या मुरमाड रस्त्यावर पुढच्या गाडीच्या धुरळ्यातून जाताना ही सगळी हवा दगडाच्या भुकटीने भरलेली असते. ती रिंग आणि सिलिंडरची भिंत घासते, ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंगपर्यंत पोहोचते.

सर्व्हिसवाल्यांवरचा संशय सर्वस्वी निराधार नाही, गरज नसताना सुटे भाग बदलणारे असतात. पण फिल्टर काही शे रुपयांचा आहे आणि बोअर-पिस्टनचे काम हजारांत जाते. शंका असेल तर जुना फिल्टर परत मागून घ्यावा.

राहिला पावसाळ्याचा मुद्दा. कोयनेच्या किंवा बामणोलीच्या बाजूला पावसात धूळ नसते हे खरे, पण उन्हाळाभर फिल्टरमध्ये साठलेली धूळ कुठे जात नाही. दमट हवेत तिचा चिखल होतो आणि कागदाच्या घड्या बुजतात. म्हणून इथल्या गाडीचा फिल्टर दिवाळीनंतर पाहण्याऐवजी मे अखेरीस पाहावा. ओढ्यातून गाडी नेल्यावर डब्याच्या तळाच्या नळीत पाणी दिसले, तर इंजिन सुरू न करता आधी फिल्टर काढावा. भिजलेला कागदी फिल्टर उन्हात वाळवून पुन्हा बसवू नये.