हायड्रोजनची ही जहाजं येतात कुठून?

गोव्यातल्या फोंड्याचे आमचे मामा बँकेतली मुदत ठेव मोडायला निघाले होते. निमित्त व्हॉट्सॲपवरचा मेसेज: ‘युरोप-जपानसकट जगाने तेल सोडलं, हायड्रोजनची आयात धडाक्यात सुरू. भारत वर्षाला ५० लाख टन मागवतोय. मुरगावातही जहाजं लागणार. घरगुती हायड्रोजनची एजन्सी आत्ताच घ्या.’ हा मेसेज शिकल्यासवरलेल्यांनीही पुढे ढकललाय, म्हणून लिहितोय.

आधी ते ५० लाख टन. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन देशात तयार करण्याची क्षमता उभी करायची, हे त्याचं उद्दिष्ट. हेतू इंधनाची आयात घटवण्याचा! मेसेज लिहिणाऱ्याने आकडा उचलला आणि उत्पादनाची सरळ आयात करून टाकली.

बरं, आयात करायचीच म्हटली तर आणणार कशातून? द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो. तो वाहून नेणारं जगातलं पहिलं जहाज जपानचं, ‘सुइसो फ्रंटियर’. २०२२ मध्ये ते ऑस्ट्रेलियाहून कोबेला आलं, तेही तपकिरी कोळशापासून केलेला हायड्रोजन घेऊन. त्याची टाकी १,२५० घनमीटरची, म्हणजे काठोकाठ भरली तरी ९० टनांच्या आतच. ५० लाख टनांना वर्षाला ५५ हजारांवर फेऱ्या लागतील. रोज दीडशे जहाजं! ती उभी कुठे करायची, झुवारीच्या पुलाखाली?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा वार्षिक हायड्रोजन अहवाल कुणीही उघडून बघावा. २०२३ मध्ये जगाने सुमारे ९.७ कोटी टन हायड्रोजन वापरला. तो बहुतेक नैसर्गिक वायू आणि कोळशापासून केलेला, आणि जिथे तयार झाला तिथेच किंवा आसपास, रिफायनऱ्यांत आणि खत कारखान्यांत, खपलेला. ‘स्वच्छ’ म्हणावा असा एक टक्काही नव्हता.

मग एजन्सी कसली देताहेत? मेसेजखालच्या पत्रकावर खातं नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. पैसे भरायचा क्यूआर कोड तेवढा ठळक. सिलिंडर कुठून भरून येणार, असं विचारलं तर मामा म्हणतात, ‘तें ते पळयतले.’ म्हणजे, ते तेच बघतील.

मुरगावचं मात्र अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. खत कारखान्यासाठी तिथे अमोनिया उतरत आलाय, आणि अमोनियाच्या वजनात जेमतेम १८ टक्के हायड्रोजन असतो. उद्या हायड्रोजनचा व्यापार वाढलाच तर बराचसा याच रूपात होईल. पण तो घरगुती सिलिंडरात भरायचा माल नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीत अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा शेजारपाजारच्यांना रातोरात घरं सोडावी लागली होती.

राहिले युरोप आणि जपान. युरोपीय संघाने २०२२ मध्ये ठरवलं, २०३० पर्यंत वर्षाला १ कोटी टन आयात करू. २०२४ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षकांनी ही उद्दिष्टं अवास्तव ठरवली. आणि तेल सोडलेला म्हणे तो जपान अजूनही नव्वद टक्क्यांहून जास्त खनिज तेल आखाती देशांतूनच आणतो.