खुलासा : नव्या फ्लॅटची ‘वॉरंटी’ आणि तिचे पैसे

‘ताबा घेऊन वर्ष झालं की बिल्डरची जबाबदारी संपते, पुढे वॉरंटीचे पैसे भरा’ असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. रेरा कायदा, २०१६ (घर घेणाऱ्यांच्या हक्कांसाठी बिल्डरांवर नियमन ठेवणारा कायदा) याचं कलम १४(३) वाचा: बिल्डरच्या जबाबदारीची मुदत ताब्यापासून ५ वर्षं. बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला की बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. बाथरूममधून खालच्या घराच्या छताला ओल येते, ती सदोष वॉटरप्रूफिंगमुळे असेल तर तीही यातच आली. मात्र तुम्हीच फरशी फोडून नवी बसवली असेल, तर हा हक्क सांगणं कठीण जातं. तक्रार फोनवर नको. फोटोंसह ईमेल करा, पोच जपा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.