सार्दू ऐकावा का?

ऑगस्ट 2023 मध्ये ज्युलिएत आर्माने या फ्रेंच गायिकेला मुलाखतीत विचारलं गेलं, कोणतं गाणं लागलं की तू पार्टीतून उठून जाशील? तिने नाव घेतलं फ्रेंच गायक मिशेल सार्दूच्या 'ले लाक द्यु कोनेमारा'चं. किळस येते म्हणाली, उजव्या विचारांचं गाणं आहे म्हणाली. झालं! ऐन सुट्टीच्या महिन्यात सगळा फ्रान्स भांडायला बसला. राजकारणी मंडळीही उतरली.

गाणं 1981 सालचं. आयर्लंडच्या कोनेमारा भागातली तळी, काळे ढग आणि एका जोडप्याचं लग्न, एवढाच त्याचा विषय. ते लिहिलं तेव्हा सार्दूने आयर्लंड पाहिलंही नव्हतं. सहलेखक पियेर दलानोएने पर्यटनाच्या माहितीपत्रकावरून तपशील उचलले असं सांगतात, आणि खरंच, कोनेमाराच्या गाण्यातलं हे लग्न लागतं कोनेमाराबाहेरच्या लिमरिकच्या चर्चमध्ये! यात उजवं काय? शब्दांत काहीच नाही. उजवा आहे तो गाणाऱ्याचा लौकिक, आणि बड्या बिझनेस स्कूलची मुलं पार्टीच्या शेवटी याच गाण्यावर नाचतात, तीही त्यात धरली जातात.

हा लौकिक त्याने स्वतःच कमावला. 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉलने फ्रान्सला अमेरिकेच्या पुढाकाराच्या नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर काढलं आणि लगेच 1967 मध्ये विशीतल्या या पोराने 'ले रिकँ' गायलं, म्हणजे 'अमेरिकन'. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आले नसते तर तुम्ही सगळे आज जर्मनीत असता, असा त्याचा सूर. सरकारी रेडिओला ते अर्थातच रुचलं नाही. 1969 मध्ये बार्क्ले या रेकॉर्ड कंपनीने त्याला नारळ दिला. मग संगीतकार जाक रेवो वगैरेंसोबत त्याने नव्या 'त्रेमा' कंपनीतून सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी 'ले बाल पॉप्युलेर' घरोघरी पोचलं. (हा रेवो म्हणजे 'कॉम दाबित्युद'च्या संगीतकारांपैकी एक. तीच चाल पुढे 'माय वे' म्हणून जगभर गेली.)

सार्दूचे आई-वडील दोघेही रंगमंचावरचे, फर्नां आणि जॅकी सार्दू. मला वाटतं त्याच्या गाण्यांची किल्ली इथे आहे. तो जवळजवळ प्रत्येक गाण्यात 'मी' म्हणतो आणि दर वेळी तो 'मी' वेगळा असतो. 1975 च्या 'ल फ्रान्स'मध्ये तर तो चक्क जहाज होतो. 'फ्रान्स' हे दिमाखदार प्रवासी जहाज 1974 मध्ये सेवेतून काढून ल आव्हर बंदरात बेवारशासारखं बांधून ठेवलं होतं. ते जहाज म्हणतं, मला पुन्हा कधीही फ्रान्स म्हणू नका, फ्रान्सने मला टाकलंय. गाणं उजव्याचं, आणि डोक्यावर घेतलं डाव्या कामगार संघटनांनी!

म्हणजे तो नुसती सोंगं घेतो, असं म्हणून त्याला सोडून द्यायचं का? आपल्याकडे लावणीतली 'मी' बाई असते आणि लिहिणारा शाहीर बाप्या, त्याचा जाब कोणी विचारत नाही. पण सार्दूच्या बाबतीत मला हा बचाव अर्धाच पटतो. सोंग कोणतं घ्यायचं आणि कधी घ्यायचं, हे शेवटी नटच ठरवतो ना?

1976 च्या सुरुवातीला त्रुआ शहरात सात वर्षांच्या मुलाचं अपहरण करून खून झाला. देश पेटलेला होता, गिलोटिन अजून वापरात होतं. त्याच वर्षी सार्दूचं 'ज स्वी पूर' आलं, म्हणजे 'मी बाजूने आहे', अर्थात मृत्युदंडाच्या. हा खून झालेल्या मुलाच्या बापाचा आवाज आहे, माझं मत नाही, असं तो सांगत राहिला. बापाचा संताप खराच आहे, गाणं ताकदीचंही आहे. पण त्या वर्षी, त्या शीर्षकाने ते बाजारात आणणं म्हणजे मतदानच होतं. त्याच सुमारास 'ल तां दे कोलोनी'मध्ये वसाहतींच्या आठवणी काढणारा म्हातारा आला. म्हाताऱ्याची टर उडवायची होती म्हणावं, तर चाल इतकी खुशीत की ऐकणारा त्याच्यासोबत गुणगुणायला लागतो. त्याआधी 1973 मध्ये 'ले व्हील द सोलित्युद'मधला एकटा, दारुडा माणूस बलात्काराच्या इच्छा बोलून दाखवतो, त्यावर स्त्रीवादी संघटना भडकल्या होत्या. 1977 च्या दौऱ्यात गावोगावी विरोधी समित्या उभ्या राहिल्या. ब्रसेल्सच्या सभागृहात बॉम्ब सापडला. हे मात्र कोणत्याही गाण्याचं उत्तर असू शकत नाही.

आता दुसरी बाजू. 1971 च्या 'ल रीर द्यु सेर्जां'मध्ये त्याने समलिंगी सार्जंटची खिल्ली उडवली होती. 1990 च्या 'ल प्रिव्हिलेज'मध्ये एक मुलगा आईला आपण समलिंगी असल्याचं कसं सांगावं, या विचाराने तळमळतो. तिथे हसणं नावालाही नाही. 1983 मध्ये याच 'उजव्या' माणसाने लेनिनला परत ये म्हणून हाक मारली, आणि पुढच्याच वर्षी खाजगी शाळांच्या बाजूने गायलं. याला एका खणात बसवायला जाणारे दमतात, आणि त्याला ते आवडत असावं असा मला दाट संशय आहे. श्रोत्यांच्या निरोपाचं म्हणाल तर तोही त्याने 2018 मध्ये घेतला होता. 2023 मध्ये, शहात्तराव्या वर्षी, स्वारी पुन्हा दौऱ्यावर!

ऐकायचाच असेल तर 'ल फ्रान्स'पासून सुरू करा, मग 'ल प्रिव्हिलेज'. कोनेमारा लग्नात वाजलं तर बेलाशक नाचा. 'ज स्वी पूर' मात्र मी माझ्या यादीतून काढून टाकलंय, आणि सोंगाची सबब मला माहीत असूनही ते परत घालणार नाही.