वाइल्ड कार्डवर क्रमवारी उभी राहत नाही

जून संपत आला की ब्रिटनमध्ये दरवर्षी एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो पहिल्या पानावर येतो. ती विम्बल्डनला पहिल्या फेरीत हरते आणि आठवड्याभरात तिचं नावही कुणी घेत नाही. २०२५ मध्ये अशा तीन मुली होत्या: हॅना क्लगमन, मिका स्टोयसाव्ल्येविच आणि मिमी शू. तिघी वाइल्ड कार्डवर, म्हणजे क्रमवारीत न बसताही आयोजकांनी दिलेल्या थेट जागेवर आल्या, तिघी पहिल्याच फेरीत गेल्या. लगेच सूर लागला की ब्रिटिश मुलींचं हे नेहमीचंच. २०२१ ची यूएस ओपन जिंकणाऱ्या एमा रादुकानूबद्दल तर आपल्याकडचे टेनिसप्रेमीसुद्धा "एकदा मटका लागला" म्हणून मोकळे होतात. हे बोलणं चुकीचं आहे आणि त्या मुलींवर अन्याय करणारं आहे. त्यासाठी आधी थोडा हिशेब मांडायला हवा.

महिलांची जागतिक क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर चालते. गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण या वर्षी गळून पडतात. रादुकानू २०२१ च्या यूएस ओपनला १५० व्या क्रमांकावरून उतरली. पात्रता फेरीचे तीन आणि मुख्य फेरीचे सात असे दहा सामने, एकही सेट न गमावता. अंतिम सामन्यात लैला फर्नांडिसवर ६-४, ६-३. १९७७ मध्ये व्हर्जिनिया वेडने विम्बल्डन जिंकल्यानंतर एकेरीत ग्रँडस्लॅम जिंकणारी ती पहिली ब्रिटिश महिला. त्या तीन आठवड्यांत तिला २०४० गुण मिळाले आणि ती थेट २३ व्या क्रमांकावर गेली. वर्षभरानंतर तिथेच पहिल्या फेरीत अलिझे कॉर्नेकडून हरली, ते गुण गळाले आणि ११ वरून ती ८३ वर आली. लोकांनी याला घसरण म्हटलं. खरं तर तिच्या एकूण गुणांत एकाच स्पर्धेचा वाटा एवढा मोठा होता की तो गेल्यावर दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. बाकीच्या वर्षात छोट्या-मध्यम स्पर्धांचा पाया रचायला तिला वेळच मिळाला नव्हता.

पाया म्हणजे काय? महिलांच्या छोट्या व्यावसायिक स्पर्धांची उतरंड खाली डब्ल्यू १५ पासून सुरू होते, मग ३५, ५०, ७५, १००. सध्या विजेतीला गुणही तेवढेच मिळतात. डब्ल्यू ३५ जिंकायची तर ३२ जणींच्या मुख्य फेरीत सलग पाच सामने जिंकावे लागतात, हातात येतात ३५ गुण. विम्बल्डनला पहिल्या फेरीत हरलं तर १०. म्हणजे साडेतीन विम्बल्डन-पराभव बरोबर एक छोटी स्पर्धा. पैशाचं मात्र उलट आहे. २०२५ मध्ये विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूला ६६ हजार पौंड मिळाले. एवढ्यात प्रशिक्षक, फिजिओ आणि प्रवास यांचा बराच खर्च निघतो. म्हणून वाइल्ड कार्ड वाईट नाही, ते जरूर घ्यावं. फक्त त्याने क्रमवारी हलत नाही. ग्रँडस्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जागा असतात: साधारण १०४ क्रमवारीवर, १६ पात्रता फेरीतून, ८ वाइल्ड कार्डवर. त्या १०४ मध्ये यायचं तर वर्षभर खेळत राहण्याला पर्याय नाही.

सोनाय कार्तलकडे बघा. ब्रायटनची, २००१ चा जन्म, कनिष्ठ गटातलं मोठं नाव कधीच नव्हती. २०२४ च्या विम्बल्डनला क्रमांक २९८, पात्रता फेरी खेळून आत आली आणि तिसऱ्या फेरीपर्यंत गेली. त्यानंतर तिने काय केलं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सप्टेंबरमध्ये ती ट्युनिशियातल्या मोनॅस्टिरला गेली, पुन्हा पात्रता फेरीपासून खेळली आणि आपलं पहिलं डब्ल्यूटीए (महिला टेनिसची वरच्या स्तराची मालिका) विजेतेपद घेऊन परतली. मार्च २०२५ मध्ये इंडियन वेल्सला पात्रता फेरीत हरूनही ऐनवेळी जागा मिळाली, तर चौथ्या फेरीपर्यंत पोहोचली. जुलैमध्ये विम्बल्डनला पहिल्याच सामन्यात मानांकित ओस्तापेंकोला हरवून चौथी फेरी गाठली. तेव्हा ती ५१ वी होती. तिचे गुण अनेक आठवड्यांत विखुरलेले होते, म्हणून एका पराभवाने ती कोसळत नाही.

आता दुखापती. कारकीर्द मोडते ती बहुतेक इथेच. ब्रिटनचीच लॉरा रॉब्सन २००८ मध्ये चौदाव्या वर्षी विम्बल्डनची कनिष्ठ विजेती झाली. २०१२ च्या यूएस ओपनला तिने किम क्लिस्टर्स आणि ली ना दोघींना हरवलं, २०१३ मध्ये २७ व्या क्रमांकावर पोहोचली. २०१४ मध्ये डाव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली, आणि तीच तिचा खेळायचा हात. पुढे नितंबाच्या सांध्याच्या शस्त्रक्रिया, आणि २०२२ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्ती. आजही वाईट वाटतं. रादुकानूच्या २०२३ मध्ये दोन्ही हातांच्या मनगटांवर आणि डाव्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या. त्या वर्षीची फ्रेंच ओपन, विम्बल्डन, यूएस ओपन तिन्ही हुकल्या.

हे का होतं? उजव्या हाताने खेळणारी मुलगी सर्व्हिस केल्यावर डाव्या पायावर उतरते. हार्ड कोर्ट तो धक्का शोषून घेत नाही, सगळा घोट्यात आणि गुडघ्यात जातो. दोन हातांच्या बॅकहँडमध्ये खालचा उजवा हात दिशा देतो, पण जोर डावा हात लावतो, म्हणून न खेळणारं मनगटही झिजतं. चेंडू उशिरा, शरीराच्या मागे लागला की करंगळीच्या बाजूच्या स्नायुबंधांवर ताण येतो. त्यात दर आठवड्याला स्पर्धेचे चेंडू बदलतात. चेंडू जुना होऊन त्याची लव फुगली की तो जड लागतो. कनिष्ठ गटातून वर आलेल्या मुलीला एकदम जोरकस चेंडू परतवावे लागतात, तेही आठवड्यात चार-पाच सामने. खांदा, पाठ, पोटऱ्या यांची ताकद दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवली नसेल तर मनगट आधी बोलतं.

रादुकानूने प्रशिक्षक किती बदलले यावर फार शाई खर्च झाली. बदलले हे खरं. पण जास्त नुकसान कशाने झालं असेल तर पूर्णवेळ शारीरिक तयारी करून घेणारा माणूस बराच काळ सोबत नसल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. २०२४ च्या शेवटी असे काम करणारे युताका नाकामुरा तिच्याकडे आले, आणि २०२५ मध्ये ती सलग आठवडे खेळताना दिसली: मायामीत उपांत्यपूर्व फेरी, वॉशिंग्टनला उपांत्य फेरी, विम्बल्डनला सबालेंकाविरुद्ध ६-७, ४-६ अशी चुरशीची हार. वर्षअखेर पहिल्या तिसांत. त्याच्या आदल्या वर्षी विम्बल्डन ते यूएस ओपन या काळात तिने वॉशिंग्टन ही एकच स्पर्धा खेळली होती आणि न्यूयॉर्कला पहिल्या फेरीत सोफिया केनिनकडून हरली. सराव कितीही करा, सामन्याचे पाय सामन्यातच येतात.

मग क्लगमन आणि स्टोयसाव्ल्येविचचं काय? क्लगमन २००९ ची. २०२३ मध्ये चौदाव्या वर्षी तिने ऑरेंज बोलची अठरा वर्षांखालची स्पर्धा जिंकली, २०२५ मध्ये फ्रेंच ओपनच्या मुलींच्या गटात उपविजेती. स्टोयसाव्ल्येविच २०२४ ची यूएस ओपन कनिष्ठ विजेती, २००९ च्या हेदर वॉटसननंतरची पहिली ब्रिटिश मुलगी. त्यांची क्रमवारी बघून नाक मुरडण्याआधी वयाचा नियम माहीत हवा. सोळाव्या वर्षी मुलीला साधारण १२ व्यावसायिक स्पर्धा खेळता येतात, सतराव्या वर्षी १६. चांगल्या कामगिरीवर थोड्या वाढवून मिळतात, पण मर्यादा राहतेच. क्रमवारीत मात्र १८ स्पर्धांचे गुण धरले जातात. सोळा वर्षांच्या मुलीचे रकाने भरणारच नाहीत! नियम योग्य आहे, शरीर वाचतं. पण मग अठराव्या वर्षापर्यंत तिच्याकडून पहिल्या शंभराची अपेक्षा धरू नये. ब्रिटनच्याच केटी बोल्टरला पहिलं डब्ल्यूटीए विजेतेपद २०२३ मध्ये नॉटिंगहॅमला मिळालं, तेव्हा ती २६ वर्षांची होती. पाठीच्या दुखण्यातून सावरून ती पुढे २३ व्या क्रमांकापर्यंत गेली.

आपल्या पुण्याचंही यात नाव आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सतरा वर्षांच्या रादुकानूने पुण्यात २५ हजार डॉलरची स्पर्धा जिंकली होती. न्यूयॉर्कच्या आधी ती अशाच कोर्टांवर घडत होती. या स्तराच्या स्पर्धा महाराष्ट्रात होत असतात, तेव्हा जाऊन पात्रता फेरी आवर्जून बघा.

आणि या ब्रिटिश मुलींचे निकाल बघायचे तर ऑक्टोबर ते मार्चचे बघा. मुलगी किती आठवडे सलग खेळली, हरल्यावर पुढच्या सोमवारी पुन्हा कोर्टवर उतरली का, दुसऱ्या सर्व्हिसवर निम्म्याच्या आसपास गुण जिंकते का, आणि मनगटाला पट्टी न बांधता किती सामने झाले.