झाड धोकादायक करण्याची सोपी पद्धत

अभिनंदन! वॉर्डातल्या बागेच्या देखभाल समितीवर अखेर तुमची वर्णी लागली. बागेत हिरवळ आहे, बंद कारंजं आहे, आणि मधोमध एक जुना रेन ट्री आहे. भर दुपारी त्याच्याखाली दोन आजोबा, चार रिक्षावाले आणि एक कुल्फीवाला असतो. हे झाड सध्या ठणठणीत आहे, आणि तुमची अडचण तीच आहे. ठणठणीत झाडाची फाइल होत नाही.

सुरुवात गेरू-चुन्याने करा. खाली गेरू, वर चुना. कुणी माननीय येणार असतील तर आदल्या रात्री, म्हणजे सकाळी रंग ओला दिसतो आणि काम चालू असल्याची खात्री पटते. बुंध्याशी ताटलीएवढी टणक, तपकिरी अळंबी उगवलेली दिसली तर तिच्यावरूनही एक हात मारा. अशी अळंबी बाहेर दिसते तेव्हा आत कुजायला सुरुवात झालेली असते, असं जाणकार म्हणतात. म्हणू देत. गेरूत ती उठून दिसत नाही.

आता मुळांकडे वळू. झाड जेवढं उंच तेवढीच मुळं खोल, ही समजूत तुमच्या फार उपयोगाची आहे, ती कुणाला मोडू देऊ नका. खरं तर अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि पसाऱ्याच्याही पलीकडे लांबवर गेलेली असतात. म्हणजे तुमचे पेव्हर ब्लॉक नेमके त्यांच्याच डोक्यावर येतात. आधी रोलर फिरवून माती चांगली दाबून घ्या. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते, पण जॉगिंग ट्रॅकला लेव्हल लागते, आणि जॉगिंग करणारे मतदार असतात. बुंध्याला चिकटून कोबा करा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली होती खरी, पण ते प्रकरण दिल्लीचं होतं. दिल्ली आपल्यापासून एक मीटरपेक्षा बरीच लांब आहे.

पाचोळा रोज झाडून पोत्यात भरा आणि बाहेर पाठवा. त्याचंच खत होतं म्हणे. खत आपण विकत घेतो, त्याचं बिल निघतं.

पुढच्या वर्षी दिव्यांच्या केबलसाठी चर खणायला लावा. चर झाडाच्या एका अंगाने जाऊ द्या, हे महत्त्वाचं. त्या अंगाची मुळं जेसीबीने तुटली की वारा कुठून आला तर झाड कुठे पडणार हे निम्मं ठरून जातं. उरलेलं निम्मं पावसाळापूर्व छाटणीत ठरवायचं.

छाटणी हा शास्त्राचा विषय आहे, म्हणून शास्त्राला तिथे बोलावू नका. जाड फांदी उतरवताना आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून, आणि मग उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर वळ्याला धक्का न लावता कापायचा, म्हणजे साल सोलवटत नाही आणि जखम झाड स्वतःच भरून काढतं. इतका वेळ कुणाला आहे? ठेकेदाराला पैसे किती फांद्या वाचल्या यावर मिळत नाहीत. तारांकडची बाजू सपाट करा, दुसरी तशीच ठेवा. शेंडा मधोमध उडवा. वर्षभरात त्या खुंटांतून झुबकेच्या झुबके फुटतात, भराभर वाढतात, आणि धरून असतात जेमतेम वरच्या थराला. बघणाऱ्याला वाटतं, काय तरारलंय! पुढेमागे जून महिन्यात त्यातलीच एखादी फांदी खाली येते.

ती आली की तुम्ही जिंकलात. फोटो काढा.

आता पाहणी. इथे एकच धोका आहे, तो म्हणजे तुमचे माळीमामा. ते लाकडी हातोडीने बुंध्यावर ठोकत, कान लावून फेरी मारतील. ढोली आहे, पण बाहेरचं लाकूड जाडजूड आहे, झाड त्याच्यावरच उभं असतं, असं सांगतील. ढोलीत पिंगळ्याचं घर आहे, हेही सांगतील. आणि शेवटी डोकं खाजवत म्हणतील, “साहेब, ती वरची सुकी फांदी तेवढी उतरवू, आणि बाकडं चार पावलं तिकडं सरकवू. खाली कुणी बसलंच नाही तर पडून पडून कुणावर पडणार?”

एवढं स्वस्त उत्तर समितीच्या सभेपर्यंत पोचता कामा नये. बाकड्यावर ‘माननीयांच्या निधीतून’ असं कोरलेलं आहे, ते हलवायचं म्हणजे माननीयांना हलवण्यासारखं आहे. मामांना रोपवाटिकेत पाठवा. अहवालात एकच शब्द लिहा: ‘पोकळ’.

कायदा आडवा येतो, पण अंग चोरून जाता येतं. 1975 च्या वृक्ष अधिनियमात 2021 साली सुधारणा झाली. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. शिवाय तोडायच्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावून सात वर्षं जगवायची. त्यामुळे वय सांगताना स्थळ सांगून आलेल्या मुलाच्या मावशीचं धोरण ठेवा. आजोबा लाख म्हणोत की लहानपणी याच झाडावर सूरपारंब्या खेळलो. (रेन ट्रीला पारंब्या नसतात, हे अहवालात आवर्जून नोंदवा. साक्षीदार तिथेच बाद.) तुमचं झाड सेलमधल्या चपलेसारखं कायम 49 चंच राहील. 49 रोपं शौचालयामागे हातभर अंतरावर लावा आणि फोटो होईपर्यंत पाणी घाला.

हरकतींची नोटीस झाडावरच लावायची असते. चांगली चार इंची खिळ्यांनी ठोका.

झाड गेलं की तिथे सिमेंटचा ओंडका बसवा, सालीच्या रेघा काढलेला, तपकिरी रंगाचा. हा पडत नाही, पाचोळा करत नाही, त्याला वय नसतं. बाकडंही जागच्या जागी राहतं. फक्त एप्रिलमध्ये त्यावर बसवत नाही. मग आजोबांचा अर्ज येईल की बागेत सावली नाही. तो अर्ज जपून ठेवा, पत्र्याच्या शेडची निविदा त्याच्याच आधारे काढायची आहे. खांबांसाठी खड्डे खणताना खाली जुनी मुळं लागतील, ती तोडण्याचा जादा दर आधीच धरायला ठेकेदाराला सांगून ठेवा.